मॅस्टोडॉनवर पहिला महिना: कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं

मॅस्टोडॉन हे एक्ससारखं (पूर्वीचं ट्विटर) छोट्या पोस्टचं नेटवर्क, पण ते एका कंपनीच्या हाती नसून वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरांवर चालतं. जुन्या नेटवर्कवरून, म्हणजे एक्ससारख्या ठिकाणाहून येऊन इथे खातं उघडून आठवड्याभरात परत फिरणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. फीड रिकामं दिसतं. ओळखीचं कुणी सापडत नाही. लिहिलेलं कुणी वाचत नाही. आणि ‘सर्व्हर निवडा’ म्हणजे नक्की काय करा, हे कुणी सांगत नाही. या तक्रारी खोट्या नाहीत, पण बहुतेकदा त्यांचं मूळ कामांच्या क्रमात असतं: दोन मिनिटांत खातं, लगेच पहिली पोस्ट, मग माणसांचा शोध, आणि प्रोफाइल राहूनच जातं. इथे हा क्रम चालत नाही. तुमच्या आवडीचा मजकूर शोधून आपणहून पुढ्यात मांडणारी यंत्रणा इथे जवळजवळ नाही. ते काम तुम्हालाच करावं लागतं, आणि ते अर्धवट राहिलं की या जागेबद्दलचं पहिलं मतही अर्ध्या तयारीवरच बनतं.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. खालचे टप्पे मॅस्टोडॉनचे आहेत. फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, चर्चेसाठी लेमी ही सगळी मंडळी ॲक्टिव्हिटीपब या एकाच प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या नियमांवर, चालतात, त्यामुळे मॅस्टोडॉनवरून त्यांच्याशीही बोलता येतं. ब्लूस्काय मात्र एटी प्रोटोकॉल या वेगळ्या पायावर उभं आहे, तिथे हे टप्पे लागू पडणार नाहीत. दुसरं, सुरुवातीची सगळी मांडणी ब्राउझरमधून करा. ॲपमध्ये वाचणं-लिहिणं छान होतं, पण याद्या आणणं, खातं हलवणं, शोधाची परवानगी देणं यांतल्या बऱ्याच सोयी ब्राउझरमध्येच सापडतात. मेन्यूतली नावं आवृत्तीनुसार थोडी मागेपुढे होतात, कामं तीच राहतात.

## टप्पा १: जुनं खातं चालू ठेवा आणि माणसांची यादी करा

वैतागून जुनं खातं आधी बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तुम्ही कुठे गेलात हे सांगायची जागाच त्याने हातातून जाते. शिवाय मोकळं झालेलं नाव दुसऱ्या कुणी उचललं, तर तुमच्या ओळखीचा गैरवापर होऊ शकतो. म्हणून खातं राहू द्या.

१. जुन्या नेटवर्कच्या सेटिंग्जमधून तुमच्या माहितीची संपूर्ण प्रत मागवा. ती तयार व्हायला एखादा दिवस किंवा जास्तही लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

२. ज्यांचं लिहिलेलं तुम्ही खरोखर वाचता अशा तीस-चाळीस जणांची नावं लिहून काढा. शेकडो नावांची यादी नको. फॉलो करत असलेल्यांपैकी निम्म्यांचं शेवटचं काय वाचलं, तेही बहुधा आठवणार नाही.

३. यादीतल्या प्रत्येकाचं प्रोफाइल उघडा आणि त्यात नवा पत्ता दिलाय का पाहा. मॅस्टोडॉनचा पत्ता दोन ‘@’मुळे लगेच ओळखू येतो: @नाव@सर्व्हर. प्रोफाइलमध्ये नसेल तर वर टाचलेली पोस्ट आणि स्वतःची वेबसाइट पाहा.

४. सापडलेले पत्ते एका साध्या फाइलमध्ये जमा करा. ही फाइल पुढे तीनदा लागणार आहे.

हे काम आपोआप करणारी साधनं पूर्वी होती. एक्सने २०२३ मध्ये आपल्या एपीआयवर, म्हणजे बाहेरच्या साधनांना माहिती देणाऱ्या दारावर, कडक निर्बंध आणल्यावर ती बहुतेक बंद पडली. हाताने करायला वेळ लागतो, पण त्या निमित्ताने यादीची निवडही होते.

तपासा: प्रत मागवली? फाइलमध्ये निदान पाच-सात पत्ते आले? एकही आला नसेल तरी पुढे जा, मात्र टप्पा ५ मधल्या हॅशटॅगवर जास्त भर द्या.

## टप्पा २: सर्व्हर निवडा, पण ‘अबाउट’ पान वाचून

इथे लोक एकतर काहीच पाहत नाहीत, नाहीतर आठवडाभर तुलना करत बसतात. एक संध्याकाळ पुरेशी आहे, फक्त काय पाहायचं ते माहीत हवं.

आधी सर्व्हरवर काय अवलंबून असतं ते समजून घ्या. नियम कोण ठरवतं, त्रास देणाऱ्यावर कारवाई कोण करतं, कोणत्या बाहेरच्या सर्व्हरांशी संबंध तोडले आहेत, शोधाची सोय किती आहे आणि तुमच्या पत्त्याचा दुसरा भाग काय असेल, हे सगळं सर्व्हर ठरवतो. कुणाला फॉलो करता येईल यावर मात्र फारशी मर्यादा येत नाही. ईमेल वेगवेगळ्या कंपन्यांकडे असूनही एकमेकांना पोचतं, तसंच इथे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलतो.

जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावर सर्व्हरांची यादी आहे. त्या यादीत यायचं तर सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात: द्वेषपूर्ण मजकुरावर सक्रिय कारवाई, रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकेल असा निदान आणखी एक माणूस, आणि बंद करायचा झाल्यास किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना. यादीबाहेरही उत्तम सर्व्हर आहेत, पण तिथे या चार गोष्टींची खात्री तुम्हीच करून घ्यायची.

दोन-तीन सर्व्हर नजरेत भरले की प्रत्येकाचं ‘अबाउट’ पान उघडा आणि या क्रमाने वाचा:

१. नियम. ‘सगळ्यांशी चांगलं वागा’ एवढंच लिहिलं असेल तर वाद झाल्यावर काय होईल ते कळत नाही. काय चालणार नाही हे नेमकं लिहिलेलं असावं.

२. चालवणारे. नाव किंवा खातं, संपर्काचा पत्ता आणि खर्च कुठून भागतो याची माहिती. चालवणाऱ्याचं खातं उघडून शेवटची पोस्ट कधीची आहे तेही पाहा. महिनोनमहिने शांतता असेल तर पुढचा सर्व्हर पाहा.

३. मर्यादित किंवा बंद केलेल्या सर्व्हरांची यादी. ही यादी असणं चांगलं लक्षण आहे, आणि प्रत्येकापुढे कारण दिलेलं असेल तर आणखी चांगलं.

४. नोंदणीची पद्धत. काही ठिकाणी ‘का यायचंय’ असं विचारून मग प्रवेश देतात. याचा कंटाळा करू नका, अशा सर्व्हरवर बनावट खाती कमी असतात. उत्तरात तुम्ही कोण आणि कशाबद्दल लिहिणार, अशी दोन खरी वाक्यं लिहा. तिथे ‘बघायला आलो’ लिहिणाऱ्यांचे अर्ज अनेकदा पडून राहतात.

सावधान: जवळपास कुणीच करत नाही अशी एक तपासणी आहे. टप्पा १ मधली फाइल उघडा, तुमची माणसं ज्या सर्व्हरांवर आहेत त्यांची ‘अबाउट’ पानं पाहा, आणि तुम्ही निवडत असलेला सर्व्हर त्यांच्या बंद यादीत नाही ना, हे बघा. असेल तर ती माणसं तुम्हाला आणि तुम्ही त्यांना दिसणार नाही. तुमच्या बाजूने कितीही सेटिंग्ज बदलल्या तरी हे सुटत नाही.

अधिकृत ॲपमधून थेट खातं उघडायला गेलात, तर मॅस्टोडॉन डॉट सोशल हा मोठा, सर्वसाधारण सर्व्हर पुढे केला जातो. त्यात वावगं काही नाही. निवड करवतच नसेल तर तिथून सुरुवात करा. माझा स्वतःचा कल मात्र मध्यम आकाराच्या, एखाद्या विषयाभोवती जमलेल्या सर्व्हरकडे आहे. तिथली लोकल टाइमलाइन (फक्त त्या सर्व्हरवरच्या लोकांच्या पोस्ट) वाचण्यासारखी असते आणि तक्रार केली तर माणूस उत्तर देतो. एकाच व्यक्तीच्या खिशातून चालणारा अगदी छोटा सर्व्हर पहिल्या खात्यासाठी टाळा.

## टप्पा ३: पहिल्या पोस्टआधीच्या सेटिंग्ज

वापरकर्तानाव रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर यांचंच चालतं, आणि ते नंतर बदलता येत नाही. खातं काढून टाकलं तरी त्या सर्व्हरवर तेच नाव परत मिळत नाही. म्हणून दोन मिनिटं विचार करा. दिसणारं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं आणि हवं तेव्हा बदलता येतं.

मग लगेच द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डसोबत फोनवरचा कोडही मागणारी) सुरू करा, आणि मिळालेले रिकव्हरी कोड फोनबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. सर्व्हर चालवणारे बहुधा स्वयंसेवक असतात. फोन हरवल्यावर ‘मीच तो’ हे त्यांना पटवून देण्यात बरेच दिवस जाऊ शकतात.

आता ज्या गोष्टीमुळे ‘मला कुणी सापडत नाही, मी कुणाला सापडत नाही’ अशी स्थिती येते ती. सेटिंग्जमध्ये सार्वजनिक प्रोफाइलखाली ‘प्रायव्हसी अँड रीच’ असं पान आहे. तिथे काही परवानग्या वेगवेगळ्या द्याव्या लागतात:

- प्रोफाइल आणि पोस्ट इतरांना सुचवल्या जाव्यात का
- तुमच्या सार्वजनिक पोस्ट शब्दशोधात याव्यात का
- गूगलसारख्या शोधयंत्रांना तुमचं पान दिसावं का

इथला शब्दशोध परवानगीवर चालतो. ज्यांनी होकार दिला त्यांच्याच पोस्ट शोधात येतात, आणि तेही सर्व्हरने ती सोय बसवली असेल तर. जुन्या नेटवर्कवर कुणाचंही कोणतंही वाक्य शोधायची सवय असते, म्हणून इथला शोध बिघडल्यासारखा वाटतो. लोकांनी सापडावं असं वाटत असेल तर पहिल्या दोन्ही परवानग्या द्या. नको असेल तर देऊ नका, पण मग शांतता का आहे हा प्रश्न पडायला नको.

याच फेरीत पोस्टची भाषा मराठी ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये मूळ भाषा ठरवता येते, आणि लिहिताना चौकटीतूनही बदलता येते. हे सोडून दिलं तर मराठी पोस्टवर इंग्रजीचा शिक्का बसतो. सार्वजनिक टाइमलाइन फक्त मराठीपुरती मर्यादित ठेवणाऱ्या वाचकाला ती पोस्ट दिसतच नाही, आणि भाषांतराचं बटणही गोंधळतं. मराठी लिहिणाऱ्यांसाठी मी या एका सेटिंगला बाकी सगळ्यांच्या वर ठेवेन.

## टप्पा ४: प्रोफाइल आणि परिचयाची पोस्ट

हे कुणाला फॉलो करण्याच्या आधी करायचं. तुम्ही फॉलो केलं की समोरच्याला सूचना जाते, तो तुमचं पान उघडतो, आणि पाच-दहा सेकंदांत ठरवतो. चित्र नाही, ओळख नाही, एकही पोस्ट नाही असं खातं बनावट खात्यासारखंच दिसतं. ज्यांनी फॉलोची विनंती स्वतः तपासून मंजूर करायचं ठेवलंय, ते अशी विनंती सरळ नाकारतात. आणि एकदा नाकारल्यावर ते पुन्हा कधी तुमचं पान उघडतील याचा भरवसा नाही.

१. चित्र लावा. चेहरा नको असेल तर दुसरं काहीही, पण कोरं ठेवू नका.

२. ओळख लिहा: काय करता, कशाबद्दल लिहाल, कोणत्या भाषांत लिहाल. त्यातच दोन-तीन हॅशटॅग घाला.

३. ओळखीखालच्या चार जादा चौकटींत वेबसाइट किंवा इतर खाती द्या. स्वतःची वेबसाइट असेल तर व्हेरिफिकेशनच्या पानावर एचटीएमएलची एक तयार ओळ मिळते. ती वेबसाइटवर चिकटवली की तुमच्या प्रोफाइलवरचा तो दुवा हिरव्या खुणेसह दिसतो. पैसे लागत नाहीत, अर्ज करावा लागत नाही. ही खूण फक्त ‘ही वेबसाइट याच माणसाची’ एवढंच सांगते.

४. परिचयाची एक पोस्ट लिहा आणि ती प्रोफाइलवर टाचून ठेवा. साधारणपणे ५०० अक्षरांची मर्यादा असते, काही सर्व्हर जास्तही देतात. #परिचय घाला आणि ‘इंट्रोडक्शन’ हा रोमन लिपीतला रूढ हॅशटॅगही घाला, कारण नव्यांचं स्वागत करणारे लोक तो बघत असतात.

हॅशटॅग लिहिताना मधे मोकळी जागा किंवा जोडरेघ आली की हॅशटॅग तिथेच तुटतो, अंडरस्कोअर चालतो. नुसत्या अंकांचा हॅशटॅग होत नाही. रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा, म्हणजे पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकांना शब्द सुटे ऐकू येतात.

तपासा: ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, लॉगइन न करता, आपलं प्रोफाइल उघडा. अनोळखी माणसाला तुम्ही कोण ते कळतंय का?

## टप्पा ५: फीड भरा

मॅस्टोडॉनची होम टाइमलाइन म्हणजे तुम्ही फॉलो केलेल्यांनी लिहिलेलं आणि बूस्ट केलेलं (दुसऱ्याची पोस्ट आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवलेलं), वेळेच्या क्रमाने. तुम्ही तिघांना फॉलो केलं तर तिघांचंच दिसणार. म्हणून हा टप्पा एका बैठकीत उरकू नका, पहिले दहा-बारा दिवस रोज थोडा थोडा करा.

आधी यादीतले पत्ते. शोधाच्या चौकटीत पूर्ण पत्ता टाका, दुसऱ्या ‘@’नंतरचा सर्व्हरसुद्धा. नुसतं नाव टाकून शोधणं ही इथली नेहमीची चूक. तुमच्या सर्व्हरची त्या माणसाशी आधी गाठ पडलीच नसेल तर नुसत्या नावाने तो सापडणार नाही.

दुसरा गोंधळ याहून मोठा. कुणीतरी दिलेला दुवा उघडला की तुम्ही त्या माणसाच्या सर्व्हरच्या पानावर पोचता, आणि तिथे तुम्ही लॉगइन केलेलं नसतं. लोकांना वाटतं खातं बंद पडलं, म्हणून काहीजण तिथे आणखी एक नवं खातं उघडून बसतात. तसं करू नका. पानाचा किंवा पोस्टचा पूर्ण दुवा कॉपी करा, आपल्या सर्व्हरवर येऊन शोधात चिकटवा. तीच पोस्ट तुमच्या खात्यातून उघडेल आणि तिला उत्तर देता येईल, बूस्ट करता येईल.

तिसरी गोष्ट बघून लोक चांगली माणसं सोडून देतात. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचं प्रोफाइल तुमच्याकडे उघडलं की पोस्ट दोन-चारच दिसतात, कधी एकही नाही. खातं रिकामं नसतं. तुमच्या सर्व्हरवरून त्याला आधी कुणी फॉलो करत नसेल तर जुन्या पोस्ट तुमच्याकडे आलेल्याच नसतात. मूळ पान उघडून बघा आणि मग ठरवा. पोस्टखालची उत्तरं आणि आवडल्याचे आकडे कमी दिसणं, हेही याच कारणाने.

माणसांनंतर हॅशटॅग. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ४.० आवृत्तीपासून हॅशटॅगही फॉलो करता येतो, आणि त्याखालच्या सार्वजनिक पोस्ट होममध्ये येऊ लागतात. ओळखीचं कुणी नसलेल्यांना माझा सल्ला असा: आवडीच्या विषयांचे सात-आठ हॅशटॅग फॉलो करा, आठवडाभर वाचा, सातत्याने चांगलं लिहिणारे टिपा, त्यांना फॉलो करा आणि मग खूप गर्दी करणारे हॅशटॅग सोडून द्या. सोडण्याचं हे काम विसरलात तर दोन आठवड्यांत फीड अनोळखी आवाजांनी भरून जातं.

त्यानंतर लोकल टाइमलाइन चाळा, तिथे तुमच्या सर्व्हरवरचे लोक दिसतात. फेडरेटेड टाइमलाइनमध्ये तुमच्या सर्व्हरला माहीत असलेल्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट वाहत असतात. मोठ्या सर्व्हरवर ती वाचण्यासारखी नसते, आणि नवे लोक नेमके तिथूनच सुरुवात करून दमतात.

एखादा माणूस चांगलं लिहितो पण दिवसाला पन्नास बूस्ट करतो, असं झालं तर त्याला सोडू नका. त्याच्या प्रोफाइलच्या मेन्यूतून फक्त बूस्ट लपवता येतात.

तपासा: सकाळी होम उघडल्यावर मनापासून वाचाव्याशा वाटतील अशा निदान सहा-सात नव्या पोस्ट दिसतात का? नसतील तर पुढचा टप्पा थांबवा आणि इथेच आणखी काही दिवस द्या.

## टप्पा ६: लिहिणं आणि उत्तर देणं

‘आवडलं’ दाबल्याने पोस्ट पुढे सरकत नाही, फक्त लिहिणाऱ्याला कळतं. ती आणखी लोकांपर्यंत जावी असं वाटत असेल तर बूस्ट करा. ही सवय लागेपर्यंत सगळ्यांनाच इथे शांतता जाणवते. चांगलं लिहिणाऱ्याला नुसतं ‘आवडलं’ देऊन थांबू नका. ते लिखाण पुढे न्यायला इथे माणसांशिवाय दुसरं कुणी नाही.

पोस्ट कुणाला दिसेल याचे चार स्तर आहेत, आणि घोळ शेवटच्या दोन स्तरांत होतो.

सार्वजनिक: सगळ्यांना, सगळीकडे.

शांत सार्वजनिक: कुणीही वाचू शकतं, पण सार्वजनिक टाइमलाइन, हॅशटॅग आणि शोधात येत नाही. लांब मालिका लिहिताना पहिली पोस्ट सार्वजनिक आणि बाकीच्या शांत ठेवा, इतरांची टाइमलाइन भरून जात नाही.

फक्त फॉलोअर: हे खाजगी आहे असं समजू नका. फॉलोची विनंती स्वतः मंजूर करण्याची सेटिंग बंद असेल तर कुणीही फॉलो करून पुढच्या पोस्ट वाचू शकतं. हा स्तर वापरायचा असेल तर ती सेटिंग आधी चालू करा.

फक्त उल्लेख केलेले: हे निरोपासारखं दिसतं, पण टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतं. दोन्ही बाजूंचे सर्व्हर चालवणारे तांत्रिकदृष्ट्या ते वाचू शकतात.

सावधान: अशा निरोपात तिसऱ्या माणसाविषयी बोलताना त्याचा पूर्ण पत्ता ‘@’सह लिहिलात, तर तोही त्या संभाषणात येतो आणि ते वाचतो. नाव साधं लिहा. पासवर्ड, बँकेचे तपशील, वैद्यकीय माहिती यांतलं काहीही इथे पाठवू नका.

चित्र टाकताना त्याचं वर्णन लिहा. १५०० अक्षरांची जागा असते, पण एक-दोन वाक्यं पुरतात. इथे अंध आणि कमी दिसणारे बरेच वाचक आहेत, आणि वर्णन नसलेलं चित्र बूस्ट न करणारेही बरेच आहेत. ‘फोटो’ एवढंच लिहिणं म्हणजे वर्णन नव्हे. चित्रात काय आहे आणि ते का टाकलंय, हे सांगा. हिंसा, आजारपण, मृत्यू अशा विषयांवर लिहिताना सूचनेची ओळ वापरा, म्हणजे मजकूर झाकलेला राहतो आणि उघडायचा की नाही हे वाचणारा ठरवतो.

पोस्ट नंतर दुरुस्त करता येते, पण आधीचा मजकूर इतिहासात दिसत राहतो आणि बूस्ट केलेल्यांना बदलाची सूचना जाते. पुसून टाकलेल्या पोस्टचं तसं नाही. ती काढायचा निरोप इतर सर्व्हरांना जातो, पण प्रत्येक सर्व्हर तो पाळेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही.

जुन्या नेटवर्कवरच्या पोस्ट आपोआप इथे टाकणारी सोय पहिल्या महिन्यात बंदच ठेवा. तुम्ही इथे नसताना पोस्ट येतात, लोक उत्तरं देतात, आणि त्या उत्तरांना कुणी वाली राहत नाही. दोन-तीनदा असं झालं की लोक बोलायचं थांबतात.

## टप्पा ७: त्रास झाला तर

चार हत्यारं आहेत, हलक्यापासून जड असा क्रम ठेवा. शब्दांचा फिल्टर विशिष्ट विषय ठरावीक मुदतीपुरता लपवतो. म्यूट केलेल्या माणसाला कळत नाही. ब्लॉक केलं की दोघांचा संबंध तुटतो. संपूर्ण सर्व्हर ब्लॉक केला की तिथला सगळा मजकूर जातो, आणि तिथले तुमचे फॉलोअरही जातात, म्हणून यादी पाहूनच करा.

नियमभंग असेल तर रिपोर्ट करा. समोरचा दुसऱ्या सर्व्हरवरचा असेल तर रिपोर्टची प्रत तिकडेही पाठवायची का, असं विचारलं जातं. ती प्रत तुमच्या नावाशिवाय जाते. पण तिथले चालकच त्रास देणाऱ्याच्या बाजूचे आहेत असं वाटत असेल तर पाठवू नका, आपल्या चालकांना कळवणं पुरे.

२०२४ मध्ये आलेल्या ४.३ आवृत्तीपासून अनोळखी माणसांकडून, अगदी नव्या खात्यांकडून किंवा न मागता आलेल्या निरोपांच्या सूचना वेगळ्या बाजूला काढता येतात. नव्या खात्यांची ही चाळणी पहिल्या दिवसापासून लावून ठेवायला हरकत नाही.

## टप्पा ८: मत बनवण्याआधी काय पाहायचं

महिनाभर दोन्ही नेटवर्क वापरा, पण लिहिण्याचं पहिलं ठिकाण मॅस्टोडॉन ठेवा. जुन्या प्रोफाइलमध्ये नवा पत्ता टाका, तशी एक पोस्ट करा, आणि ती आठवडा-दोन आठवड्यांनी वेगळ्या वेळी पुन्हा करा. एकदाच सांगितलेलं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

फॉलोअरचा आकडा जुन्या आकड्याशी ताडून पाहू नका. किती पोस्टना खरी उत्तरं आली, किती अनोळखी माणसांशी दोन-तीन फेऱ्यांचं बोलणं झालं, हे मोजा. ताज्या घडामोडी मिनिटामिनिटाला हव्या असतील, किंवा आपल्याच भाषेत मोठी वर्दळ हवी असेल, तर हे नेटवर्क तुम्हाला कमी पडेल. ती उणीव सर्व्हर बदलून भरून निघत नाही. विषयाला धरून निवांत बोलणारी माणसं हवी असतील तर इथे ती भेटतात, आणि महिनाभरात त्याचा अंदाज येतो.

तक्रार जर नेटवर्कपेक्षा सर्व्हरबद्दल असेल, म्हणजे तो मंद चालतो, चालक गायब असतात, तुमच्या माणसांचा सर्व्हर बंद यादीत आहे, तर खातं हलवा.

## टप्पा ९: सर्व्हर बदलायचा असेल तर

क्रम चुकला तर इथे नुकसान होतं, म्हणून सावकाश करा. जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच हे शक्य आहे. तो अचानक बंद पडला तर फॉलोअर हलवण्याचा मार्ग उरत नाही. त्यामुळे बदलायचा विचार नसला तरी महिन्यातून एकदा खालची पहिली पायरी करत जा.

१. जुन्या खात्यात ‘इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट’मधून फॉलो केलेल्यांची, लिस्टची, म्यूट, ब्लॉक आणि बुकमार्क यांची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) उतरवा. फॉलो केलेले हॅशटॅग आणि शब्दांचे फिल्टर तिथे दिसत नसतील तर हाताने टिपून घ्या.

२. पोस्टचं संपूर्ण आर्काइव्ह मागवा. ते सात दिवसांतून एकदाच मागता येतं. ते तुमच्या संग्रहासाठी आहे, नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही.

३. नवं खातं उघडा आणि टप्पा ३ व ४ पूर्ण करा.

४. नव्या खात्यात ‘दुसऱ्या खात्यातून येत आहे’ या जागी जुना पूर्ण पत्ता नोंदवा.

५. त्यानंतरच जुन्या खात्यात जाऊन ‘दुसऱ्या खात्याकडे जात आहे’ इथे नवा पत्ता आणि जुन्या खात्याचा पासवर्ड द्या.

६. नव्या खात्यात सीएसव्ही फाइली आणा. ‘मिसळा’ आणि ‘बदला’ असे दोन पर्याय असतात. ‘मिसळा’ निवडा, ‘बदला’ने नव्या खात्यात आधी केलेले फॉलो पुसले जातात.

सावधान: पायरी ५ नंतर ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. जुन्या पोस्ट जुन्याच ठिकाणी राहतात. हलवणं रद्द करून जुनं खातं परत चालू करता येतं, पण तिकडून गेलेले फॉलोअर त्याने परत येत नाहीत.

फॉलोअर एका क्षणात येत नाहीत, एकेक सर्व्हर निरोप घेत जातो तसा आकडा वाढतो. एक-दोन दिवस थांबून मोजा. ज्यांचा सर्व्हर त्या वेळी बंद होता किंवा ज्यांच्या सॉफ्टवेअरला हा निरोप कळत नाही, असे काहीजण मागे राहतील. टप्पा १ ची फाइल इथे तिसऱ्यांदा लागते: त्यातलं कोण आलं नाही ते पाहा आणि त्यांना नवा पत्ता स्वतः कळवा. वेबसाइटवरची पडताळणीची ओळ आणि जुन्या नेटवर्कच्या प्रोफाइलमधला पत्ताही त्याच दिवशी बदला.